हितेंद्रच्या नावाचे गहू

आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू पुरुषांच्या नावानं मोजतात. भाऊबंदकीत जेवढे पुरुष, पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत, त्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. नाव मोठ्यानं घ्यायचं, मूठ टाकायची, पुढचं नाव घ्यायचं. गहू निवडायचे बायकांनी, दळून आणायचे बायकांनी, धुरात बसून पुरणपोळ्या करायच्या बायकांनी, आणि बाईच्या नावाचा एक दाणा त्यात नाही. लहानपणी मी यावरून भांडायचे. आता भांडत नाही, पण दर श्रावणात एक टोमणा मारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एक नियम मात्र सगळ्यांत पक्का. मूठ जिवंत माणसाचीच. माणूस गेला की पुढच्या वर्षी त्याचं नाव घ्यायचं नाही. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, वारले त्या वर्षी त्यांच्या नावापाशी येऊन मायचा हात थोडा थांबला आणि तिनं पुढचं नाव घेतलं. मी बघत होते. ती रडली नाही. पुढचं नाव हितेंद्रचं होतं, आणि ते तिनं नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं घेतलं.

हितेंद्र माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. हा शब्दही मायसमोर चालत नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, "बाहेर जायेल शे." नरडाण्याच्या एमआयडीसीत तो कामाला होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी डबा घेऊन घरून निघाला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल नरडाणा स्टेशनबाहेर निंबाच्या झाडाखाली सापडली. डबा हँडलला तसाच लटकलेला, न उघडलेला. त्या स्टेशनातून एक गाडी सुरतेकडे जाते, एक भुसावळकडे. तो कोणत्या गाडीत बसला, बसला की नाही, आजवर कळलं नाही. कोणी म्हणे साहेबाशी वाजलं, कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला होता. लोकांना काय, काहीतरी म्हणायचं असतं. तेव्हा त्याची बायको मृणाली तेवीस वर्षांची होती आणि मनस्वी दोन वर्षांची.

आमची माय, द्रौपदाबाई, तेव्हापासून लढतेय. पोलीस ठाण्यात तिला पाहिलं की हवालदार फायली चाळायचं सोंग करायचे, इतकी ती तिथं जाऊन बसायची. सुरत, वापी, नंदुरबार, जिथं कोणी "तसाच एक माणूस दिसला" म्हणालं तिथं ती फोटो घेऊन गेली. चौथी शिकलेली बाई, पण माहितीचा अधिकार म्हणजे काय हे तिनं मला शिकवलं; मी जळगावात शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून सांगते. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायला जातात, माय माणसं बघायला जायची. मला तिचा अभिमान होता. तो अजून आहे, पण आता त्याच्यात दुसरंही काही मिसळलंय.

दोन हजार एकवीसमध्ये सात वर्षं पूर्ण झाली. ज्याची सात वर्षं काहीच खबर नाही, त्याला कायदा मेलेला समजतो. माझ्या मनात हे बरेच दिवस होतं. मृणाली तीस वर्षांची झाली होती. कंपनीच्या ऑफिसात नोकरी, घरी येऊन सासूचं आणि पोरीचं, आणि कपाळावर कुंकू आहे की नाही यावर गावाची नजर. मी धुळ्याच्या एका वकीलबाईंना भेटले, कागद जमवले. मृणालीही हो म्हणाली होती. तेवढ्यात राखीपौर्णिमा आली, आणि त्या संध्याकाळी मायचा मला जळगावात मेहरूणच्या घरी फोन आला.

"शीतल, त्याना फोन उन्हा व्हता. माय म्हने. एकच डाव म्हने, आनि कटी गया."

हितेंद्रचा फोन आला, एकदाच "माय" म्हणाला आणि तुटला! आम्ही किती रडलो त्या दिवशी! माय दुसऱ्याच दिवशी पोलिसांत गेली, नंबर दाखवला, जबाब लिहून दिला, सही केली. तो नंबर मी शंभर वेळा लावून पाहिला, सदा बंद. पोलिसांनी पुढं काही केलं नाही. पण फाईल बंद व्हायची होती, ती उघडी राहिली. आणि मीच, या तोंडानं, मृणालीला म्हणाले, "थांब. आता कोर्टाचं नको." ती थांबली. तिनं मला उलट एक शब्द विचारला नाही.

यंदा चैत्रात तिनं स्वतःहून फोन केला. नशिराबादला योगेंद्र नावाचे एक जण आहेत, औषधाचं दुकान आहे त्यांचं. कोरोनात बायको गेली, एक मुलगा आहे. मीच वर्षभरापूर्वी ओळख करून दिली होती, आशा न धरता. मृणाली म्हणाली, "ताई, मी हो म्हणतेय. मनस्वीशी बोलले. ती दोन दिवस रुसली आणि मग म्हणाली, तिथं शाळा कोणती?" आणि जरा थांबून म्हणाली, "आईंना तुम्ही सांगाल का?"

मी सांगितलं. माय तांदूळ निवडत होती, ते निवडत राहिली.

वकीलबाईंनी दावा दाखल केला, तारीख लागली, पण त्यांनी मला आधीच बजावलं होतं. "खबर नाही हे कोण सांगणार? खबर आली असती तर जिला आली असती, तिनं. आणि त्या तर चार वर्षांपूर्वी फोन आला म्हणून लिहून देऊन बसल्यात. कोर्टात त्यांना तेच विचारणार. त्या 'आला होता' म्हणाल्या, तर सात वर्षं तिथून मोजायची. दावा गेला." मी विचारलं, दुसरा काही मार्ग? त्या म्हणाल्या, "आई काय बोलतात, तोच मार्ग."

अजून तीन वर्षं. योगेंद्र थांबले असतेही कदाचित. पण मृणाली आता चौतीसची होती, आणि मला तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं की या वेळी तिला थांब म्हटलं तर ती थांबेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

मायला काय सांगायचं? पोराचा आवाज ऐकलेल्या बाईला कोर्टात जाऊन नाही ऐकला म्हण, असं सांगायचं? ते माझ्या जिभेवर येईना. म्हणून मी शनिवारी दोन दिवसांची सुट्टी टाकून गावी, नरडाण्याला गेले. कानबाईचं निमित्त होतंच.

रविवारी कानबाई बसणार, म्हणून शनिवारी सकाळी दळण. पुढच्या खोलीत धुतलेली सतरंजी अंथरली होती, मधोमध परात. भाऊबंदकीतल्या आम्ही सात-आठ बायका आणि भटू काका. काका नानांचे धाकटे भाऊ, आता घरातले वडीलधारे, नावं विसरू नयेत म्हणून दरवर्षी बसतात. गिरणीवाला चक्की धुऊन-पुसून आमची वाट पाहत होता, कारण कानबाईच्या दळणाआधी त्यात दुसरं काही घालत नाहीत. काकांची घाई चाललेली.

मायनं मोजायला सुरुवात केली. भटू काकांचं नाव, त्यांच्या दोन्ही मुलांची, नातवांची. प्रत्येक नावाला एक मूठ आणि वर पाव मूठ. मृणाली परातीतले गहू हातानं सारखे करत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. लग्न झालेल्या मुलीचा माहेरच्या रोटांशी संबंध नसतो, मी आपली पाहुणी.

शेवटची मूठ टाकून मायनं हात झटकले.

"वहिनी," भटू काका म्हणाले, "हितेंद्रनं नाव राही गयं."

नानांनंतर दरवर्षी त्याचं नाव ती सगळ्यांत आधी घ्यायची. मला वाटलं वय झालं, विसरली. बायकाही तसंच समजल्या, एकीनं गव्हाचं सूप तिच्याकडे सरकवलंसुद्धा.

"राहिनं नही," माय म्हणाली. "मी लिधं नही."

म्हणजे तिनं ते मुद्दाम घेतलं नव्हतं. माय मृणालीकडे वळली. एवढ्या बायका समोर बसलेल्या, पण ती एकट्या मृणालीशी बोलत होती.

"पोरी, तो फोन त्याना नव्हता."

मृणालीचा हात परातीत तसाच राहिला.

"कोनती तरी कंपनीनी बाई व्हती. हिंदी बोले. मी खोटं बोलनू."

"काबर? का?" हे मी ओरडले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

मायनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "तुमना कागद तयार व्हतात. पोलीस बी फाईल बंद करनार व्हतात. बठ्ठा जन सोडी देत व्हतात त्याले. तू जाशी, मनस्वी जाई, मी या घरमां एकली." तिचा श्वास लागला होता. "एकलीले वाट पाहाले माले भेव लागे."

मृणालीनं कमरेला खोचलेला मोबाईल काढला आणि सतरंजीवर ठेवला.

"चार वर्षं मी हा फोन आंघोळीला जाताना आत नेते, आई," ती म्हणाली. "उशीखाली घेऊन झोपते. चार्जिंग संपेल म्हणून ऑफिसात दुसरा चार्जर ठेवलाय. पहिला फोन तुम्हाला केला, दुसरा मला करेल, असं वाटायचं. आणि नाही आला तेव्हा वाटायचं, माझ्यावरच रागावून गेला असेल."

ती उठली, मागच्या दारानं अंगणात गेली. कोणी तिच्या मागं गेलं नाही. मी जायला हवं होतं, पण गेले नाही. थांब म्हणणारी मीच होते ना. तो नंबर शंभर वेळा लावणारी, आणि मायला मात्र एकदाही नीट न विचारणारी, कारण मलाही तो आलेला हवा होता.

शेवटी भटू काका खाकरले. "दळन लई जा," ते बायकांना हळू म्हणाले. "मिलवाला बसेल शे."

मला मायचा राग आला. सांगायला लाज वाटत नाही, तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. अकरा वर्षं जिच्या हट्टाचं मी कौतुक केलं, त्याच हट्टाखाली एक जिवंत बाई चिरडली जात होती आणि आम्हाला तो हट्ट मोठा दिसत होता. संध्याकाळी मी तिला एवढंच विचारलं, "आज का सांगितलं? कोर्टात काय बोलायचं ते सांगायला मी आलेच होते."

"तू सांगती तं मी नही म्हनती," ती म्हणाली. "मी कोनं ऐकस का? पन मूठ भरी आनि हात उठेना. मृणालीनं तोंड समोर व्हतं."

रविवारी कानबाई बसली. मृणालीनं सगळं केलं. पुरण वाटलं, पोळ्या केल्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी केली, आरतीला उभी राहिली. पण मायशी बोलली नाही. मायनं पाणी मागितलं तर तांब्या आणून बाजूला ठेवायची. सोमवारी मिरवणुकीनं कानबाई नदीला गेली, बायका फुगड्या खेळल्या, मृणालीला कोणी ओढलं तर तीही एक फेर खेळली. माय ओट्यावर बसून होती. घर त्यांचं दोघींचं होतं, आणि नऊ दिवस ते तसंच चाललं, असं मनस्वीनं मला फोनवर सांगितलं. "आजी आणि मम्मी दोघी माझ्याशीच बोलतात, आत्या. मला कंटाळा आलाय."

त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारी धुळ्याची तारीख होती. मी जळगावहून परस्पर आले, त्या दोघी नरडाण्याहून एकाच एसटीनं आल्या, वेगवेगळ्या बाकांवर बसून. कोर्टात आत जाण्याआधी वकीलबाईंनी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला सांगितले. मृणालीनं तिचा बंद केला आणि माझ्याकडे दिला. मी तो पर्समध्ये टाकला.

न्यायाधीश बाई माझ्याहून लहान होत्या. आवाज मऊ, पण प्रश्न सरळ. मायनं शपथ घेतली. चार वर्षांपूर्वीचा जबाब वाचून दाखवला गेला. "ही सही तुमची?"

"हो, मनीच शे."

"यात लिहिलंय तसा फोन आला होता?"

"नही. मी खोटं लिखी दिधं व्हतं."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे का, असं विचारलं. माय म्हणाली, ठाऊक नव्हतं, आता आहे, काय शिक्षा असेल ती द्या. वकीलबाई मध्ये उठल्या, त्यांना बसायची खूण झाली.

"मग गेल्या अकरा वर्षांत तुम्हाला तुमच्या मुलाची कोणतीही खबर नाही?"

"नही."

"तो हयात नाही असं तुम्हाला वाटतं का?"

माय कठड्याला धरून उभी होती.

"माले काय वाटस ते इचारू नका, बाई," ती म्हणाली. "खबर नही शे. तेवढं लिखा. तेवढ्यामां मनी सूनबाईनं काम व्हस ना?"

न्यायाधीश बाईंनी तेवढंच लिहून घ्यायला सांगितलं. निकालाला पुढची तारीख पडली, पण बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "झालं. आता होईल." जुन्या जबाबाचं बाईंनी काही उकरलं नाही. म्हातारी बघून सोडून दिलं असेल, की आणखी काही बघून, मला माहीत नाही.

बसस्थानकावर ऊन होतं. नरडाण्याची गाडी लागायची होती. आम्ही तिघी एका बाकावर बसलो, मी मध्ये. मी चहा आणला, माय प्यायली नाही. थोड्या वेळानं तिनं पदराची गाठ सोडायला घेतली. बोटांना जमेना, दातांनी सोडली. आत गहू होते.

"हाई त्याना नावनं," ती म्हणाली. माझ्यासमोरून हात पुढं करून तिनं ते मृणालीला दाखवले. "सव्वा मूठ. दळनना दिवशीच येगळं काढं व्हतं. रोटमां टाकं नही, आनि परत कोठीमां टाकानी हिंमत व्हयनी नही." आणि मग, ज्या बाईनं ठाणेदारासमोर कधी आवाज खाली आणला नाही, तिनं अगदी लहान आवाजात विचारलं, "आते यानं काय करू, पोरी?"

मृणालीनं त्या गव्हांकडे पाहिलं. अकरा दिवस पदरात बांधून ते घामानं काळपटले होते. ती काही बोलणार नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगते, ती बोलली नसती तरी मी तिला दोष दिला नसता.

ती उठली. मायच्या पुढ्यात खाली बसली, बसस्थानकाच्या त्या मळक्या फरशीवर, आणि तिनं मायची बोटं एकेक करून त्या गव्हांवर मिटवली.

"राहू द्या तुमच्याजवळ," ती म्हणाली. "कोर्टाचं कोर्टात. तुम्हाला पाहायची तर तुम्ही पाहा वाट, आई. मी तुम्हाला अडवणार नाही. मी नाही पाहणार आता."

माय मान हलवत राहिली. मग रडली. नाना गेले तेव्हा रडली नव्हती, हितेंद्रची गाडी सापडली तेव्हाही लोकांसमोर रडली नव्हती, ती धुळ्याच्या बसस्थानकावर शेंगदाणे विकणाऱ्यासमोर रडली. मृणाली तिथंच बसून राहिली. तिचे डोळे कोरडे होते आणि ती मायला गप्प करत नव्हती. माफ केलं, असंही ती म्हणाली नाही. तिनं ते आजवर म्हटलेलं नाही.

गाडी लागली. गर्दी होती, पण दोघींना एका बाकावर जागा मिळाली. मी पुढच्या बाकावर बसले. मला खरं तर जळगावला जायचं होतं, पण त्या दिवशी त्यांना एकटं सोडवेना. सोनगीर गेलं तशी माय मृणालीच्या खांद्याला टेकून झोपली, मूठ तशीच आवळलेली. मृणाली खिडकीतून बाहेर पाहत होती. कोर्टात जाताना बंद करून दिलेला तिचा मोबाईल माझ्याच पर्समध्ये होता, आणि नरडाणा येईपर्यंत तिनं तो एकदाही मागितला नाही.